बत्तीशीचा अल्बम

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा दात बनवतो. दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर लोक जबड्याचा ठसा घेऊन पाठवतात आणि हा घराच्या मागच्या खोलीत बसून त्यावरून कवळी तयार करतो. म्हणून आमच्याकडे त्याचं नाव बत्तीशी. तोंडावर आम्ही मेहुणे म्हणतो, कारण आमच्यावर संस्कार झालेत.

पण त्याला कुणी विचारावं, काय करता, तर तो सांगणार, "संगीत करतो." दातांचा उल्लेखही नाही. ज्याच्यावर पोट भरतं त्याची लाज आणि ज्यानं आजवर दमडी दिली नाही त्याचा तोरा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा.

त्याच्या संगीताला सायकेडेलिक ट्रान्स म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते पोटाच्या औषधाचं नाव वाटलं होतं. विशीत असताना एका मित्रानं त्याला गावाबाहेरच्या कुठल्याशा मैदानावर नेलं. तिथं भिंतीएवढे स्पीकर होते. हा उजाडेपर्यंत नाचला आणि परत आला तो एक पक्कं मत घेऊनच, की बाकी जगात जे काही गातात-वाजवतात ते सगळं पोरखेळ आहे. तरुणपणी माणसाला काय काय होतं आणि यथावकाश उतरतं. याचं काही उतरलं नाही. केस गेले, पोट आलं, चाळिशीचा चष्मा लागला, तरी उतरलं नाही.

पुढं त्यानं संगणकावर स्वतःचं एक गाणं तयार केलं. गाणं म्हणायचं आपलं. शब्द नाहीत, चाल नाही, सुरुवात कधी झाली ते कळत नाही आणि संपत तर नाहीच. त्या एका गाण्यावर तो पुढची सगळी वर्षं बसला. त्याचं हे रूप, त्याचं ते रूप, असं करत करत शेवटी नऊ रूपं झाली आणि त्या नवांचा म्हणे रीमिक्स अल्बम झाला.

"मेहुणे, रीमिक्स म्हणजे नेमकं काय हो?" मी एकदा विचारलं.

"मूळ तेच असतं, ताई. अनुभव वेगळा."

"म्हणजे शिळ्या कढीला ऊत."

तो माझ्याकडे दयेनं बघून हसला. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

त्याच्या हातात मात्र कसब आहे. हे कबूल करावं लागतं आणि करताना जिवावर येतं. प्लास्टरच्या साच्यावर मेणात एकेक दात रोवताना त्याला बघावं. वरचा आणि खालचा जबडा जुळवून मध्ये तो कार्बनचा कागद धरतो, दात एकमेकांवर आपटून बघतो आणि जिथं काळा ठिपका गडद उमटेल तिथं जरासं घासतो. पुन्हा कागद, पुन्हा घासणं. कुणाचा तरी जबडा, जो त्यानं कधी पाहिलेला नाही, त्याला टोचू नये म्हणून एवढा खटाटोप. त्याच्या कवळ्या परत आल्याचं मी तरी ऐकलं नाही.

तर हे घासायचं यंत्र सुरू झालं की त्यातून एक चिरका आवाज निघतो. दाराबाहेर उभं राहिलं तरी हिरड्या शिवशिवतात. कानात बोळे घाला, म्हणून त्याला सगळ्यांनी सांगितलं. त्याचं उत्तर, "बोळे घातले तर गाणं कसं ऐकू?" त्याऐवजी तो कानाला हेडफोन लावायचा आणि यंत्राच्या वर गाणं चढवायचा. वीस-बावीस वर्षं एका माणसाच्या कानांत दोन गिरण्या चालू होत्या.

माझी बहीण लहानखुरी आणि तिचा आवाजही तसाच, बारीक. शाळेत पोरी तिला पिपाणी म्हणायच्या. लग्नानंतर तिनं बत्तीशीचा सगळा बाहेरचा व्याप सांभाळला. तयार दात डबीत भरायचे, दवाखान्यांत पोचवायचे, तक्रारी ऐकून घ्यायच्या, नवे ठसे घेऊन यायचं. हा आपला मागच्या खोलीत मान डोलावत बसलेला. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो, चहा." उत्तर नाही. जवळ जाऊन काही सांगितलं तर "हं" किंवा "छान". एकदा ती म्हणाली, गॅस संपलाय, तर हा म्हणाला, "वा वा." आम्ही किती दिवस त्यावर हसत होतो. मग कधीतरी लक्षात आलं, की ती हसायची थांबली आहे.

यंदा तिनं कुणाला न सांगता एक अर्ज केला. दुसऱ्या गावात नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह आहे, तिथं वॉर्डन हवी होती. राहायला खोली, जेवण तिथंच. तिला बोलावलं, मुलाखत झाली, नोकरी मिळालीसुद्धा. होकार सोमवारी कळवायचा होता. शनिवारी ती माझ्याकडे आली आणि चपला न काढताच दारातल्या स्टुलावर बसली.

"मेहुण्यांना सांगितलंस?"

"तीनदा. एकदा ताट वाढताना. म्हणाले, छान. मग त्यांच्या खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं. बघू म्हणाले. काल पुन्हा सांगितलं तर माझ्या खांद्यावर थोपटलं आणि कूस बदलली."

"मग प्रश्नच मिटला. जा. मी येते सोडायला."

"ताई, मला हौस नाही गं जायची. हे एकदा 'जाऊ नकोस' म्हणाले ना, तर मी नाही जाणार. तेवढंच ऐकायचं होतं मला. आणि हे म्हणाले छान."

पन्नाशीची बाई. तिला एका माणसाकडून दोन शब्द हवे होते आणि ते मागायचीही तिला लाज वाटत होती. मला तिचं इतकं वाईट वाटलं की मी तिलाच ओरडले. म्हटलं, पालथ्या घड्यावर किती पाणी ओतशील?

"उद्या त्यांचा अल्बम ऐकवायचाय सगळ्यांना," ती म्हणाली. "तो झाला की शेवटचं विचारते."

तर रविवारी आम्ही गेलो. मी, माझे यजमान, वरच्या मजल्यावरचा विमा एजंट आणि एक डॉक्टरीणबाई, ज्यांच्या दवाखान्याचे बहुतेक दात बत्तीशी करतो. विमा एजंट जेवण असेल या समजुतीनं आला होता. माझे यजमान कुठंही झोपू शकतात, त्यामुळे ते निर्धास्त होते.

भर दुपारी मागच्या खोलीचे पडदे ओढलेले. उसन्या खुर्च्या ओळीत मांडलेल्या. समोर दोन स्पीकर, प्रत्येक कपाटाएवढा. बत्तीशीनं अंगात काळा सदरा घातला होता आणि त्यावर पांढरं प्लास्टर सांडलेलं तसंच होतं. तो म्हणाला, "डोळे मिटा. विचार सोडून द्या. मध्ये बोलायचं नाही. पहिल्यांदा त्रास होईल, मग तंद्री लागेल."

त्रास होईल हे त्यानं खरं सांगितलं.

आधी नुसतं धबधब धबधब. ते एक वेळ चाललं असतं, गादीवाला कापूस धोपटतो असं समजून माणूस बसून राहतो. पण मग वरून एक आवाज सुरू झाला. बारीक, टोकदार, वळवळणारा. तो कानात शिरत नव्हता, थेट दाढेत शिरत होता. विमा एजंटनं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले नाहीत. माझे यजमान जागे झाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना दुपारी दचकून उठताना पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी गालाला हात लावला होता, त्यांच्याकडे पेशंट येतात तसा. आणि हा आमचा कलाकार डोळे मिटून डुलत होता. चेहऱ्यावर असा आनंद, की थोबाडीत द्यावीशी वाटावी.

पहिलं रूप संपलं, दुसरं आलं. तेच, अनुभवही तोच. तिसऱ्याच्या मध्यावर डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्यांनी सरळ जाऊन बटण फिरवलं.

"अहो, तंद्री मोडली!" बत्तीशी म्हणाला.

"तुम्ही तो वरचा आवाज एवढा का ठेवलाय? माझ्या ड्रिलपेक्षा वाईट आहे."

"कुठला? तो तर हलकासा आहे. मागे, झिरमिर."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्या त्याच्या पाठीमागे गेल्या, पर्समधून फोन काढला आणि त्याची घंटी वाजवली. पक्ष्याच्या शिटीसारखी बारीक घंटी. आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. बत्तीशी समोर बघत उभा होता, आम्ही कुठं बघतोय या विचारात.

"माझाही डावा कान असाच गेलाय," बाई मला हळूच म्हणाल्या. "आमच्या धंद्यात होतं. वरचे सूर आधी जातात. बारीक आवाज ऐकूच येत नाहीत."

बारीक आवाज. ताट वाढताना, दारात उभं राहून, अंथरुणात, माझी बहीण बोलत होती आणि त्या माणसापर्यंत काही पोचतच नव्हतं. तो तिला टाळत नव्हता. देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी मला बत्तीशीची कीव आली. इतक्या वर्षांत जेवढ्या शिव्या मी मनात घातल्या होत्या, त्यातल्या निम्म्या परत घ्यायची माझी तयारी झाली.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. ती दुसऱ्या फेरीचा चहा गाळत होती.

"अगं, त्यांना तुझं ऐकूच आलेलं नाही! कान गेलेत त्यांचे. तू काय बोललीस ते त्यांना माहीतच नाही!"

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. गाळणं हातातच होतं, त्यातून चहा टपकत होता तिच्या साडीवर. "म्हणजे ते छान म्हणाले ते..." एवढंच तिला बोलता आलं. तिनं तोंडावर पाणी मारलं, पदर सारखा केला आणि माझ्या पुढं बाहेर आली. नव्या नवरीसारखी आली, खोटं कशाला बोलू.

माझा आवाज भसाडा आहे, तो त्याला नेहमीच ऐकू येतो. मी म्हटलं, "मेहुणे, घाबरू नका, पण तुम्हाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. कानाच्या डॉक्टरला दाखवायला हवं."

"दाखवलंय की," बत्तीशी म्हणाला.

"काय?"

"दोन वर्षं झाली त्याला. वरचे सूर गेलेत म्हणाले. म्हणून तर मिक्स करताना मी वरचे वाढवले. मला नीट येईपर्यंत वाढवत गेलो."

त्याला त्यात काही चूक वाटत नव्हती. जो माणूस परक्याच्या जबड्याला टोचू नये म्हणून तास तास कागद लावून घासतो, त्यानं नऊच्या नऊ गाणी स्वतःच्या बिघडलेल्या कानाच्या मापानं बेतली होती आणि जगानं ती तशीच घालावीत अशी त्याची अपेक्षा होती.

त्यानं कामाच्या टेबलाचा खण ओढला. दातांच्या डब्यांमागून एक छोटी पेटी काढली आणि उघडून डॉक्टरीणबाईंना दाखवली. "कानाचं यंत्रसुद्धा आहे. चांगल्यातलं आहे. पण ते लावलं की बेस पत्र्यासारखा वाजतो. सगळं गाणंच मरतं. म्हणून लावत नाही."

माझी बहीण त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. तिला जेवढं मोठ्यानं बोलता येतं तेवढ्या मोठ्यानं तिनं विचारलं, "मी बोलते ते तुम्हाला ऐकू येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"अगदीच येत नाही असं नाही," तो म्हणाला. "थोडं थोडं येतं. अंदाजानं कळतं. आणि काही महत्त्वाचं असेल तर तू पुन्हा बोलशीलच की."

आणि तो दात काढून हसला. खोलीत दुसरं कुणी हसलं नाही. विमा एजंट जमिनीकडे बघत होता.

"चला, चौथं ऐकूया," बत्तीशी म्हणाला. "तुमच्यासाठी थोडं कमी करतो." आणि पाठ वळवून बटणं फिरवायला लागला.

बहिणीनं रिकामे कप गोळा केले. स्वयंपाकघरात तिनं सगळे कप धुतले, पालथे घातले आणि म्हणाली, "ताई, तुझी ती मोठी बॅग आहे ना, ती दे मला."

"त्यांना विचारणार होतीस ना शेवटचं?"

"झालं विचारून."

सोमवारी तिनं फोन करून होकार कळवला. मंगळवारी सकाळी मी तिला न्यायला गेले. मागच्या खोलीत यंत्र चालू होतं. त्या दिवशी पोचवायच्या डब्या तिनं दवाखान्यांची नावं घालून टेबलावर ओळीनं ठेवल्या होत्या. दारात ती क्षणभर घुटमळली आणि माझ्याकडे बघितलं. मी बॅग उचलली. बोलायचं खूप होतं, पण तो निर्णय तिचा होता. तिनं दार ओढून घेतलं.

संध्याकाळी बत्तीशीचा फोन आला. "ताई, ही कुठं गेलीय? डब्या तशाच पडल्यात. दवाखान्यांतून विचारणा होतेय."

"तुम्हाला सांगून गेलीय ती."

"मला? काय सांगितलं होतं?"

मी त्याला सगळं सांगितलं. नोकरी, गाव, वसतिगृह, आणि तिला त्याच्या तोंडून काय ऐकायचं होतं तेही. कधी नव्हे ते, माझ्या भसाड्या आवाजाला जमेल तेवढ्या हळू सांगितलं.

"काय म्हणालात?" तो ओरडला. "नीट कळलं नाही. पुन्हा सांगा!"

मी फोन ठेवला.