पैनगंगेतली मामाजींची अंघोळ

माझं लग्न झालं तेव्हा आमच्या लोकांनी बौद्ध धर्म घेतल्याला थोडीच वर्षं झाली होती. पांढरी साडी नेसून, पंचशील म्हणून लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासरच्या माणसांबरोबर नावेत बसले. माहेर पैनगंगेच्या पलीकडे, सासर अलीकडे, उमरखेडच्या बाजूला. नावेत आम्ही नवराबायको, सासूबाई, माझ्याच वयाची नणंद, मामाजी म्हणजे माझे सासरे, काही पाहुणे आणि आईनं दिलेला नवाकोरा पितळी बंब.

मामाजी शाळामास्तर. "आता आपण नवे लोक, दिसलंही नवंच पाह्यजे," असं सारखं म्हणायचे. त्यांचं धोतर बघताना डोळे दिपत. त्यात गावची पोरं लेझीम घेऊन काठावर आमची वाट बघत होती.

मधेच एका जागी नावेचं पुढचं टोक गाळात रुतलं. पुरुष ढकलायला उतरले आणि मामाजींचा पाय सटकला. उठले तेव्हा त्यांच्या अंगावर पांढरं म्हणावं असं फक्त डोळ्यांत उरलं होतं. नणंद फस्सकन हसली. मी नवी नवरी, मला कुठलं हसता येतंय! पदर तोंडात कोंबला.

"असा अवतार घेऊन जाऊ काय मी गावात?" मामाजी कडाडले. "इथंच अंघोळ करतो."

थंडीचे दिवस, मामाजींना आधीच सर्दी, नाक पार चोंदलेलं. सासूबाई म्हणाल्या, "गार पाण्यानं नाही करू देत मी. बंब आहे ना नवा, पेटवा तोच!"

नाव काही केल्या हलत नव्हतीच, पुरुष दमून परत वर चढले होते. नावाडी चहासाठी नावेत चूल ठेवायचा. त्याच्या तुराट्या घेतल्या, बंबाच्या तोंडातून नदीचं पाणी ओतलं, मधल्या नळीत विस्तू टाकला. पाणी कढत झालं. मामाजी पुढच्या टोकाला उघडे बसले, तोटी सोडली आणि विसण घालून पहिला लोटा डोक्यावर ओतला.

वाफेबरोबर असा भपकारा आला की पाहुण्यांनी एकदम तोंडं फिरवली.

"काय मेलं व माय इथं?" नणंद नाक दाबून म्हणाली.

मी तो वास लगेच ओळखला. आमच्या घरची सुकट! निघताना आई गळ्यात पडून हुंदके देत "बंबात पाह्यजो, बंबात पाह्यजो" म्हणत होती. मला वाटलं, अंघोळ नीट करत जा म्हणते. मांजराच्या तोंडाला लागू नये म्हणून तिनं सुकटीची पुरचुंडी बंबात सारली होती.

मामाजींना मात्र वासाचा पत्ताच नाही. ते खुशीत लोट्यावर लोटा ओतत होते.

"अवो, थांबा ना!" सासूबाई ओरडल्या. "घाण पाणी आहे ते!"

"कायले थांबू? कसं झकास तापलं आहे!"

वास सोसवेना तसे आम्ही सगळे मागच्या टोकाला सरकलो. शेवटी सासूबाईही आल्या. सगळा भार मागे पडला, पुढचं टोक उचललं गेलं आणि नाव सर्रकन गाळातून सुटली. मामाजी लोटा हातात धरून जागच्या जागी डुलायला लागले, पेटलेला बंबही डुलायला लागला.

"बंब रिकामा करा, कलंडला तर सारे भाजाल!" नावाडी ओरडला. "पण विस्तू काढा पह्यले, नाहीतर कोरडा बंब फुटंल!"

आमच्या ह्यांनी नावेतलं पाणी उपसायच्या घमेल्यात निखारे काढले आणि नदीत फेकले. चर्रर्र! मग तोटी मोकळी सोडली. भरलेला लोटा हातोहात कडेपर्यंत, तिथून नदीत. नाव हलली की कढत थेंब कोणाच्या तरी पायावर, की किंकाळी, की हसणं. मला आता पदरही पुरेना. हसता हसताच मी सासूबाईंना सांगून टाकलं, "आत्याबाई, सुकट आहे ती. आईनं दिलेली."

सासूबाईंच्या हातातला लोटा तसाच राहिला. मी पटकन पदर सावरला.

"सुकट?" त्या म्हणाल्या. "अन् मघापासून सांगत काहून नाहीस? रस्सा चाललाय नदीत!"

त्यावर नावाड्यानं वल्हं सोडून पोट धरलं. मामाजी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिले. कोणीतरी समजावलं तेव्हा त्यांनी दंड नाकाशी नेऊन हुंगला, काहीच कळलं नाही, आणि तेच सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले.

काठावर लेझीमवाल्यांच्या आधी कुत्री आली. गावातली झाडून सगळी कुत्री मामाजींच्या मागे, त्यांच्या मागे लेझीम, त्यामागे आम्ही. मामाजींनी ह्यांचं कोरं धोतर नेसलं होतं आणि मान ताठ होती. घरी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून आम्ही हात जोडले. नणंद माझ्या शेजारी होती, तिचा खांदा थरथरत होता. तिच्याकडे बघायचं नाही असं मी मनाशी पक्कं केलं आणि बघितलंच.