व्हिएन्नात नुसतं बसायचं

चेक सीमेवरच्या ब्रेत्स्लाव स्टेशनच्या तिकीट खिडकीमागे यार्मिला होराकोव्हाने आयुष्य काढलं, आणि त्या आयुष्यात विकलेली निम्मी तिकिटं तरी व्हिएन्नाची असतील. शुक्रवारी संध्याकाळी तरुण जोडपी यायची, शनिवारी सकाळी पेन्शनीत निघालेल्या बायकांचे घोळके. नाताळच्या बाजाराच्या दिवसांत तर रांग पार बाहेरच्या बाकड्यांपर्यंत जायची. तिकीट हातावर ठेवता ठेवता यार्मिला सल्लाही द्यायची. राजवाडा सकाळीच उरकून घ्या, नंतर पाय ठेवायला जागा नसते. सासूबाईंचे गुडघे दुखतात ना, मग त्यांना चढावर नेऊ नका, गोल फिरणाऱ्या ट्राममध्ये बसवा, सगळं बसल्या जागी दिसतं. माणसं परत आली की मुद्दाम खिडकीशी थांबून सांगायची, "होराकोव्हाबाई, तुम्ही म्हणालात तसंच केलं हो. मजा आली."

गाडीने जेमतेम तासाभराची वाट. पण यार्मिला स्वतः त्या शहरात एकदाच गेली होती, आणि त्यानंतर कधीही नाही.

त्या एकदाची गोष्ट तिचा नवरा ओल्डा दर वर्षी सांगायचा. द्राक्षं उतरवून झाली की गावातली पंधरावीस माणसं तळघरात वाइनच्या पिंपांशेजारी जमायची, आणि तिसऱ्या ग्लासानंतर कुणीतरी म्हणायचंच, "ओल्डा, ते श्निट्सेलचं होऊन जाऊ दे."

ओल्डा घसा साफ करायचा. "कम्युनिस्ट गेले, सीमा उघडली, त्यानंतरचा पहिला वसंत. अख्खं मोराव्हिया बसमध्ये बसून व्हिएन्ना बघायला निघालेलं. आमच्या पैशाला तिकडे कुत्रं विचारत नव्हतं, म्हणून आमच्या आईने मांसाचे काप पावाच्या चुऱ्यात घोळवून पिशवीभर श्निट्सेल तळून घेतले. दिवसभर चाललो, पायाचे तुकडे पडले. मग एका कॅफेत शिरलो. संगमरवरी टेबल, डोक्यावर झुंबर. तिघांत मिळून एक कॉफी सांगितली. ती यायच्या आत आईला भूक लागली. पिशवी उघडली आणि श्निट्सेल थेट टेबलावर. वेटर आला, काळा कोट, मंत्र्यासारखा. म्हणाला, चालते व्हा. तर आमची आई त्याला म्हणते, बाळा, तूही एक खाऊन घे, किती वाळलायस."

तळघर हसून हसून लोळायचं. यार्मिला ग्लास विसळत असायची.

खरं म्हणजे म्हातारी एक अक्षर बोलली नव्हती. ओल्डाही नाही. वेटरने बोटाने दार दाखवलं, शेजारच्या टेबलांवरची माणसं पेपर खाली करून बघू लागली, आणि तेव्हा सव्वीस वर्षांच्या असलेल्या यार्मिलाने शाळेतल्या जर्मनमध्ये "माफ करा" म्हटलं. एवढ्यावर ती थांबली नाही. टेबलावर सांडलेला चुरा तिने स्वतःच्या रुमालाने नीट पुसून घेतला, मग उठली. पुसायला तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

हाकललं त्याचं तिला विशेष काही वाटत नव्हतं. तेव्हा अर्ध्या गावाला व्हिएन्नात कुठून ना कुठून हाकललं होतं. पण आपण पुसलं, हे मात्र तिला आजतागायत पचलं नव्हतं.

ती निवृत्त झाली त्या दिवशी स्टेशनवरच्या मंडळींनी तिला एक पाकीट दिलं. व्हिएन्नात दोन रात्री, हॉटेलसकट, दोन माणसांसाठी. शेजारच्या खिडकीवरची बोझेना म्हणाली, "सगळ्या जगाला धाडलंस बाई, आता तू जा." सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की यार्मिला काहीतरी कारण काढेल. तिने पाकीट पर्समध्ये ठेवलं.

"जाईन," ती म्हणाली. "पण तिथे काय करायचं ते मी ठरवणार."

ओल्डाने लगेच अंग काढून घेतलं. द्राक्षांच्या वेलींना आधार बांधायचे होते, आणि खरं सांगायचं तर त्याला परगावच्या गाद्यांवर झोप लागत नसे. म्हणून मुलीने जायचं ठरलं. रादका ब्रनोला एका कंपनीत सहलींचं नव्हे, पण माणसांच्या वेळापत्रकांचंच काम करायची. कोणी कुठे कधी असावं हे तिच्या बोटांवर असायचं. रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून बसली.

"आई, एकदम निवांत ठेवलंय बघ. पहिल्या दिवशी सकाळी राजवाडा. मग चित्रांचं संग्रहालय. जेवण. मग मोठ्या चर्चचा मनोरा, आणि संध्याकाळी तो उंच पाळणा. दुसऱ्या दिवशी नदी."

"यात निवांत काय आहे?"

"मध्ये मध्ये कॉफी आहे ना."

"मध्ये मध्ये नको," यार्मिला म्हणाली. "कॉफीच ठेव. बाकीचं काढून टाक."

रादका हसली. आई हसत नाहीये हे लक्षात आल्यावर थांबली. यार्मिलाने कॅफेचं नाव सांगितलं, तेव्हा खिडकीत बटाटे सोलत बसलेल्या ओल्डाचा हात थांबला.

"तोच?"

"तोच."

"अजून आहे?"

"आहे. तिकडून येणाऱ्या कुणाला ना कुणाला मी दर वर्षी विचारते."

"तिथे जाऊन काय करणार?" रादकाने विचारलं.

"बसणार. सकाळी दार उघडलं की जायचं, एक कॉफी घ्यायची आणि बंद होईपर्यंत बसायचं."

"एका कॉफीवर? दिवसभर?"

"तिथली रीतच आहे तशी. एक कॉफी घ्या, पेपर वाचा, कुणी उठा म्हणत नाही. माझ्या खिडकीशी येऊन किती जणांनी सांगितलंय हे. मला फक्त बघायचंय, ती रीत मला लागू आहे का."

"यार्का," ओल्डा म्हणाला, "तो वेटर केव्हाच वर गेला असेल."

"त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही."

"मग कुणाशी आहे?"

यार्मिला उठली आणि तिने पातेल्याचं झाकण उगाचच काढून परत ठेवलं. ओल्डा हळूच म्हणाला, "मी तळघरात सांगतो ते तुला आवडत नाही का?"

"खुशाल सांग. पण तुझ्या आईने तसं काही म्हटलं नव्हतं."

"म्हणायला हवं होतं तिने."

"हो ना. मीही."

रादकाला गोष्ट तळघरातलीच ठाऊक होती. खरी गोष्ट तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली, तीही तुकड्या तुकड्यांत, बटाटे शिजेपर्यंत. ऐकून तिला वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणून तिचं डोकं थांबणारं नव्हतं. "आई, आता ते पूर्वीसारखं नाही. बाहेर रांगा असतात. केकचे फोटो काढायला लोक तासन्‌तास उभे राहतात. तुला इतका वेळ टेबल अडवू देणार नाहीत."

"बघू."

"आणि बाहेर व्हिएन्ना पडलंय त्याचं काय? लोक विमानाने येतात ते बघायला."

"माझ्या तोंडून लोकांनी ते हजारदा ऐकलंय. मला पाठ आहे."

शेवटी तह झाला. पहिला दिवस आईचा, दुसरा मुलीचा. रादकाने तिथल्या तिथे दुसऱ्या दिवशी सकाळचं राजवाड्याचं तिकीट काढून टाकलं, न जाणो आईचं मन बदललं तर.

जायच्या दिवशी यार्मिलाने पहाटे उठून श्निट्सेल तळले. गाडी सुटली तसा तिने डबा उघडला आणि पावात घालून एक रादकाच्या हातात दिला. गाडीच्या डब्यात खमंग वास पसरला. समोरच्या सीटवरचा सुटातला माणूस चुळबुळ करू लागला.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. वासाला तिकीट लागत नाही. लागत असतं तर मीच विकलं असतं."

कॅफेत पोचल्या तेव्हा दार नुकतंच उघडलेलं होतं. वेटर पोरगेला होता, काळा कोट मात्र तसाच. त्याने दोघींना स्वच्छतागृहाच्या दाराजवळचं छोटं टेबल दाखवलं. यार्मिलाने नकारार्थी मान हलवली आणि खिडकीजवळच्या संगमरवरी टेबलाकडे बोट केलं. तो काही न बोलता बाजूला झाला. ती बसली. खुर्ची मागे सारून, पाठ टेकून, पर्स मांडीवर न ठेवता शेजारच्या खुर्चीत ठेवून.

कॉफी आली, सोबत पाण्याचा ग्लास. यार्मिलाने लाकडी दांडीला लावलेला पेपर आणला. निम्मं कळत होतं, निम्मं नव्हतं. एक तास गेला, मग आणखी एक. रादकाने केक खाल्ला, फोन बघितला, ऑफिसच्या दोन मेलना उत्तरं दिली, खिडकीतून दिसणाऱ्या चर्चच्या टोकाकडे आशेने बघितलं. आईच्या कपात तळाशी एक घोट होता आणि ती त्याला हात लावत नव्हती.

दुपारी काचेबाहेर रांग लागली. छत्र्या, पाठीवरच्या पिशव्या, काचेला नाक लावून आत बघणारी मुलं. पोरगा वेटर टेबलापाशी घुटमळला. त्याने कपाकडे बघितलं, मग दोघींचं बोलणं ऐकून तो स्लोव्हाकमध्येच बोलला. त्याची स्लोव्हाक आणि यांची चेक, दोन्ही भाषा तशा सख्ख्या बहिणी.

"आमच्याच बाजूच्या दिसता की तुम्ही. मी नित्राचा, मातूश." मग आवाज खाली केला. "मावशी, राग मानू नका, पण बाहेर लोक थांबलेत. टेबल मोकळं करता का? तिकडे मॅनेजरबाई माझ्याकडे बघतायत."

"माझी कॉफी संपायचीय," यार्मिला म्हणाली.

"ती सकाळची आहे, मावशी."

"मी सावकाश पिते."

मातूशने हताश होऊन मागे बघितलं. मग मॅनेजरबाई स्वतः आल्या. उंच, चष्मा, केस घट्ट बांधलेले. त्या जर्मनमध्ये फार गोड बोलल्या. गर्दी फार आहे, आपण समजून घ्याल, बिल आणू ना?

शेजारच्या टेबलावरच्या दोन बायकांनी माना वळवल्या. रादका लाल झाली. तिने कोट उचललाही. "आई, चल ना. झालं की आता." आणि मॅनेजरबाईंकडे वळून, "माफ करा हं, आम्ही निघतच होतो."

"रादका, खाली बस."

"आई."

"खाली बस. आणि माफी मागू नकोस. मी एकदा मागितलीय. आपल्या घराला तेवढी पुरे."

यार्मिलाचा आवाज तिकीट खिडकीतला होता. गाडी चुकल्याचा राग तिच्यावर काढणाऱ्या शेकडो माणसांना पुरून उरलेला. ती जर्मनमध्ये बोलली. व्याकरण गेलं खड्ड्यात, प्रत्येक शब्द तिने मोजून ठेवला.

"बिल मी मागितलेलं नाही. तुमच्या शहरात गिऱ्हाईकाने मागितल्याशिवाय बिल येत नाही. तुम्हाला गर्दी नको असेल तर दारावर पाटी लावा, इतकाच वेळ बसा म्हणून. पाटी असती तर मी आलेच नसते. पाटी नाही. मी बसलेय."

मॅनेजरबाईंनी दाराकडे बघितलं, जणू तिथे पाटी आहे की नाही याची त्यांनाही खात्री करून घ्यायची होती. मग यार्मिलाकडे बघितलं. यार्मिलाने नजर हलवली नाही. बाई मातूशच्या कानात काहीतरी बोलल्या आणि काउंटरमागे निघून गेल्या.

रादका कोट हातात धरून तशीच उभी होती. "काय म्हणाल्या त्या?" तिने मातूशला विचारलं.

"पाणी आण म्हणाल्या."

तो ताज्या पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि जुना उचलून नेता नेता म्हणाला, "बसा आता, मावशी. पाणी बदललं की उठवत नाहीत इथे."

"हे मला इतक्या वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं," यार्मिला म्हणाली.

रादकाने कोट खुर्चीच्या पाठीला लावला आणि बसली. मग तिने फोन उलटा करून ठेवला आणि आईच्या हातातल्या पेपरचं एक पान मागून घेतलं.

दिवे लागले. रांग पातळ होत होत संपली. खुर्च्या टेबलांवर चढवायला सुरुवात झाली, तेव्हा यार्मिलाने हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बिल मागितलं. मातूशने चांदीच्या तबकात आणून दिलं. मॅनेजरबाई काउंटरमागून एकदाच म्हणाल्या, "शुभ रात्री." यार्मिलानेही म्हटलं.

बाहेर गार वारा सुटला होता. दिवसभर एका जागी बसून रादकाचे पाय आखडले होते.

"झालं मनासारखं?"

"झालं," यार्मिला म्हणाली. दोन पावलं गेल्यावर तिने विचारलं, "उद्या उघडायची वेळ तीच ना?"

"आई, उद्या राजवाडा आहे. उद्याचा दिवस माझा, ठरलंय आपलं."

"मग तू जा की. मी कुठे अडवलंय?" यार्मिलाने गळ्याभोवतीचा स्कार्फ घट्ट केला. "आज सगळं लक्ष न उठण्याकडे होतं. कॉफी कशी होती ते आठवतसुद्धा नाही. ती उद्या प्यायची आहे."

"अगं, पण राजवाडा."

"राजवाड्याचं आणि माझं काही वाकडं नाही. तो दुपारीही तिथेच असेल."

ती ट्रामच्या दिशेने चालूही लागली. रादका दिव्याच्या खांबाखाली थांबून फोनवर बघत होती, सकाळचं तिकीट दुपारचं करून मिळतं का ते.