दोन ताऱ्यांचा एकच सदरा

खर्र, खर्र, खर्र... टिंग! अमरावतीच्या आमच्या कॉलेजात गणिताच्या खोलीतून हा आवाज यायचा. हाताने फिरवायचं आकडेमोडीचं मशीन होतं ते. मी तिथे शिपाई. शाळा फार शिकलो नाही, बोलतोही सावकाश. पण ते मशीन फिरवणाऱ्या वानखडे सरांचे किस्से इतके साठलेत, की एक सांगायला घेतला तर बाकीचे दारात येऊन उभे राहतात.

*

शेजारच्या वर्गावरचे एक सर वैतागून आले. "वानखडे, इथं शिंपी बसवला काय?"

सर हँडल फिरवतच म्हणाले, "हो ना! दोन ताऱ्याइले एकच सदरा शिवून राहिलो!"

मग मला समजावलं. काही जोडतारे एकमेकांना इतके चिकटलेले, की दोघांवर मिळून वायूचं एकच पांघरूण. एक मोठा, एक लहान. तरी वरून दोघं सारखेच गरम. हे कसं, ते त्यांना गणितानं मांडायचं होतं.

*

बडनेऱ्याकडच्या एका शेतात स्टाफची रोडग्यांची पार्टी होती. सरांनी कणकेचा एक मोठा, एक लहान गोळा मुद्दाम चिकटवून गोवऱ्यांच्या आरावर ठेवला. वरून झकास भाजला. फोडला, तर जोडावर कच्चा!

"वानखडे, सिद्धांत कच्चा राहिला!" सगळे ओरडले.

"आतलं कोण विचारते? वरून सारखा भाजला ना?" म्हणत सरांनी तो तसाच खाल्ला. दुसऱ्या दिवशी रजा!

*

विभागप्रमुखांना मात्र हे खपत नव्हतं. "तुमचं काम तपासायला परीक्षक येताहेत. ते नाही म्हणाले, तर हे तारे बंद, मशीनही बंद." त्या दिवसापासून सरांचा डबा तसाच परत जायला लागला.

तेव्हाच सरांचे वडील आले. अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. मला जयभीम केला आणि लेकाला विचारलं, "दुर्बिणीतून दिसते काय रे?"

"नाई बाबा. एकच ठिपका दिसते."

"मंग दोन हायेत, हे तुले कोणं सांगतलं?"

"उजेडानं. एक दुसऱ्याच्या आड आला, का उजेड कमी होते."

म्हातारा जाताना मला म्हणाला, "मले नाई समजत, भाऊ. पण पोरगं खोटं नाई बोलत!"

*

परीक्षक आले. सर फळ्यापाशी उभे. परीक्षक ताऱ्यांची वजनं बदलून देत, "आता?" विचारत. सर पुसत, पुन्हा मांडत. दुपार गेली. सरांचा सदरा घामानं पाठीला चिकटला. विभागप्रमुख आपल्या खुर्चीत बसलेले. त्या खुर्चीत दुसऱ्या कोणी बसायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. ते रजेवर असले, तरी मी ती नुसती पुसायचो.

शेवटी परीक्षकांनी चष्मा काढला. "वानखडे, हे छापायला पाठवा. आणि आता बसा. मला तुमच्याकडून शिकायचंय."

खोलीत तिसरी खुर्ची नव्हती. मी स्टूल आणायला वळलो.

विभागप्रमुख उठले. आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलून सरांच्या मागे ठेवली, आणि निघून गेले.