चित्र स्वच्छ होतं

ताईचा फोन सकाळी सातला आला. तिचे सासरे, आबा, आदल्या दुपारपासून घरी नव्हते. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडू लागला होता, पोटच्या मुलालाही कधीकधी "तू कोणाचा?" विचारायचे. मे महिना होता. गावानं सगळीकडे शोधलं, सापडले नाहीत. "तुझं ते कॅमेऱ्याचं विमान घेऊन ये," ताई म्हणाली.

मी धुळ्यात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो. रविवारी थर्माकोलची विमानं उडवायचा छंद. विमानाच्या नाकात बोटाच्या पेराएवढा कॅमेरा असतो. तो पाहतो ते जमिनीवरचा रिसीव्हर पकडतो आणि छोट्या स्क्रीनवर दाखवतो. धुळ्यातल्या देवपूरहून पहूरजवळचं ताईचं गाव गाठायला तीन तास लागले. जळगाव ओलांडलं तेव्हाच उन्हाचा चटका बसू लागला होता. अशा उन्हात आबा काल दुपारपासून बाहेर आहेत, एवढंच डोक्यात होतं.

गच्चीवर रिसीव्हर मांडला. घराच्या चारी बाजूंना केळी. केळीची पानं पाण्यानं भरलेली, त्यात सिग्नल मरतो. म्हणून अँटेना होईल तितका उंच हवा. पाण्याच्या टाकीला बांबू बांधून त्यावर दोन अँटेना चढवले. एक सगळीकडचं जवळचं पकडणारा, दुसरा चपटा, तोंड कराल त्या दिशेचं लांबचं पकडणारा. मग विमानाचा आणि रिसीव्हरचा चॅनेल जुळवायचा. एरवी मिनिटाचं काम. त्या दिवशी दोनदा चुकीचं बटण दाबलं. स्क्रीनवर जुन्या टीव्हीसारख्या मुंग्याच मुंग्या. शेवटी चित्र आलं: गच्ची, आणि विमानाकडे टक लावून बघणारी आमचीच माणसं.

उन्हात स्क्रीन दिसेना, म्हणून ताईनं आमच्या डोक्यावर गोधडी धरली. आत मी आणि दाजी.

वरून केळीत काही दिसत नाही. माणूस बुंध्याशी बसला असला तरी नाही. "थांब, मागे घे," दाजी एकदा ओरडले. पांढरं काहीतरी होतं. खताची गोणी निघाली. बॅटरी संपत आली, विमान उतरवलं.

दुसऱ्या खेपेला नाल्याकडे गेलो. लांब जाताच चित्र फाटू लागलं. दाजींनी बाहेर जाऊन बांबू नाल्याकडे फिरवला. "अजून थोडा उजवीकडे," मी म्हणालो. मुंग्या विरळ झाल्या. कोरड्या नाल्यात, बाभळीखाली, आबा कुशीवर पडलेले होते. एक कुत्रं त्यांना हुंगत होतं आणि ते त्याला हाकलत नव्हते.

दाजी परत गोधडीखाली आले, स्क्रीन पाहिली, आणि जिना उतरून धावत सुटले.

जिन्यात अक्का उभ्या होत्या, आबांच्या पत्नी. "काय दिखस रे भाऊ?"

"सापडले अक्का. नाल्यात आहेत."

"हालतस का?"

"मुंग्या आहेत चित्रात. नीट दिसत नाही."

चित्र स्वच्छ होतं.

अक्कांनी घाईघाईनं कळशी भरली आणि शेजारच्या माणसाच्या हातात दिली. "पानी लई जाय, पळ." मी विमान नाल्यावर गोल फिरवत ठेवलं, लोकांना जागा कळावी म्हणून. दाजी पोचले. त्यांनी कुत्र्याला ढेकूळ मारलं, खाली बसले, खांद्यावरचा पंचा काढून आबांच्या तोंडावर टाकला. आवाज काहीच नाही. मागून तो माणूस कळशी घेऊन पळत आला, जरा अंतरावर थबकला आणि कळशी खाली ठेवून उभा राहिला.

रिसीव्हर दिसलेलं सगळं मेमरी कार्डावर साठवतो. संध्याकाळी अग्नी देऊन आल्यावर दाजी म्हणाले, "ते पुसून टाक." त्यांच्यासमोरच पुसलं.

तेराव्याला अक्कांनी मला बाजूला बोलावलं. "तू घेयेल व्हतं ना ते चित्र? माले दखाड."

"पुसलं, अक्का."

"मुंग्या होत्या म्हणालास. मग पुसायचं काय होतं?" हे त्या शुद्ध मराठीत बोलल्या, परक्याशी बोलावं तसं. खरं सांगितलं असतंस तर पाणी पाठवलं नसतं, मी स्वतः गेले असते, असंही म्हणाल्या.

त्या पंगतीत वाढायला निघून गेल्या. मी त्याच दिवशी धुळ्याला परतलो. पुढच्या रविवारी विमान घेऊन मैदानावर गेलो नाही, त्याच्या पुढच्याही नाही.