माणिकबाईची गोड विहीर

भातकुलीकडची जमीन काळी, कसदार. पण तिच्या पोटातलं पाणी खारं. गावात विहिरी सात. सहांच्या पाण्यापासून जनावरंही तोंड फिरवत. सातवी माणिकबाईच्या मळ्यातली. तिच्यावर वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकायची आणि अख्खं गाव प्यायच्या घागरी तिथंच भरायचं.

माणिकबाईला घाई ठाऊक नव्हती. सकाळी भाजीची टोपली डोक्यावर घेऊन निघायची, दार दिसलं की थांबायची, टोपली उतरवायची, चार शब्द बोलायची. कोणत्या घरात काय शिजतं, हे त्या घरच्या सासूपेक्षा तिला जास्त कळायचं.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. चैत्रात गावात हैजा, म्हणजे पटकी शिरली. पुंजाराम गेला, मागोमाग त्याची म्हातारी गेली. दवाखान्यातला गोवर्धन कंपाउंडर हुशार माणूस, पण आपल्याच तंद्रीत राहणारा. त्यानं कुणाला न विचारता भल्या पहाटे गोड्या विहिरीत पाणी शुद्ध करायची लाल दवा ओतली. घटकाभरानं बाया आल्या, पोहरा वर ओढला, तर पाणी लालभडक!

"रगत हाय व माय, रगत!"

बाया उलट्या पावली फिरल्या आणि नाल्यात वाळू उकरून काढलेल्या झिऱ्यावर जाऊन घागरी भरू लागल्या. चार दिवसांत आणखी चार जण आडवे पडले. गोवर्धन दारोदार फिरला, पण कडी कुणी काढेना. आजारी माणूस सापडला की त्याला गावाबाहेरच्या मांडवात नेऊन टाकतात, ही लोकांची धास्ती. मनकर्णाबाई सुईणीला सगळी दारं उघडी, पण तिच्याजवळ दवा नव्हती.

पाचव्या दिवशी माणिकबाईनं दोघांना मळ्यात बोलावलं.

"कंपाउंडर साहेब, दवा चांगली असन तुमची, पण येळ चुकली. संध्याकाळी मोट सुटली की टाका. रातभर पाणी हालत नाई. सकाळपर्यंत रंग उतरून जाते."

मनकर्णाबाई तंबाखू मळता मळता हसली. "एवढं समजते, तं चार दिवस गुळणी धरून बसली होती काय व?"

"मले कोणी सांगतलं होतं दवा टाकली म्हणून? मी बी रगतच समजली! दुसऱ्या दिवशी पाणी नितळ दिसलं, अन् काल साहेबाच्या तोंडून दवेचं आयकलं, तवा उमगलं."

गोवर्धन खाली मान घालून म्हणाला, "इचारायले पाहिजे होतं, माणिकबाई. चुकलंच माह्यं."

"आता आयका. केशवरावाच्या घरी तीन दिवस झाले, भाजी घेत नाईत, नुसती लिंबं मागतात. मनकर्णे, तू जाऊन पाय. तुले माजघरात कोणी अडवत नाई."

मनकर्णाबाई गेली आणि घाईनं परतली. केशवरावाची बायको जमुना आत विझत चालली होती. आणि तिची घाणीनं भरलेली लुगडी सासू चोरून त्या झिऱ्यावरच धुऊन आणत होती. ज्या पाण्यावर गाव जगत होतं, त्याच पाण्यावर!

तिघंही उठले. केशवराव दारात आडवा उभा राहिला.

"मांडवात नेऊ देणार नाई मी तिले."

"बाजू हो रे," मनकर्णाबाई म्हणाली. "तुही नाळ मीनं कापली, अन् मलेच आडवा येतं? घरीच दवा द्यायचं कबूल केलं या कंपाउंडरनं."

केशवराव बाजूला झाला. दिवसभर हेच चाललं. माणिकबाईनं घर दाखवायचं, मनकर्णाबाईनं दार उघडवायचं, गोवर्धननं दवा द्यायची आणि पाणी उकळून पाजायला शिकवायचं. झिरा वाळू लोटून बुजवला. संध्याकाळी मोट सुटली. बैल गोठ्यात गेल्यावर तिघांनी मिळून, चार माणसांसमोर, विहिरीत दवा टाकली.

सकाळी बाया आल्या, पण लांबच उभ्या राहिल्या. कुणी पुढं होईना. तेवढ्यात केशवराव घागर घेऊन आला. त्यानं पोहरा सोडला, ओढला. पाणी नितळ. घागर भरून तो जमुनेसाठी घेऊन गेला. त्याची पाठ वळली आणि बायांची रीघ लागली.

"वाफे तुडवू नका व! एकीमागं एक या!" माणिकबाई ओरडत राहिली.

त्या आठवड्यात जमुनेसकट पाचही जण उठून बसले. नवा एकही पडला नाही.