लोणारला उगीच गेलो

मलकापूरहून लोणारला जायचं तर दोनदा गाडी बदलावी लागते. हे आधीच लिहितो, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिली एस.टी. बुलढाण्यापर्यंत, तिथून चिखलीवरून मेहकर, आणि मेहकरला लोणारची गाडी. सकाळची पहिली गाडी धरली तरच उजेड असताना पोचता येतं. राजूर घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी मागे बसू नये.

मी जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्रावर, काम करतो. कापसाची भुकटी छातीत जाऊन खोकला धरला आहे. डॉक्टर म्हणाले, हे काम सोड, नाहीतर पुढच्या हंगामात कोणत्याच कामाचा राहणार नाहीस. माझं शिक्षण सातवीत थांबलं, त्यामुळे कचेरीतली नोकरी मिळण्यासारखी नाही. स्टेशनसमोर बन्सीशेठ यांचं लॉज आहे. तिथे उतरणारे मुंबईकडचे लोक कधी कधी विचारतात, इथे पाहण्यासारखं काय आहे? म्हणून शेठजींच्या मनात आलं की मोटार घ्यावी आणि अशा लोकांना लोणारचं तळं दाखवून आणावं. सोबत फिरायला एक माणूस हवा होता. मला ठेवाल का, असं मी विचारलं.

"मोटार मी घीन," शेठजी म्हणाले. "पन माणसानं तेथलोक काऊन जावं, हे मले एका वाक्यात सांगता आलं पाह्यजे. तू जाऊन ये. वाक्य आनलं त नोकरी तुही."

मला ते सोपं वाटलं.

मेहकरच्या स्टँडवर मी बरोबर आणलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. तिथला चहा गोड आहे, पण कपबशा धुऊन मागाव्यात. डॉक्टरांनी उकळलेलंच पाणी प्यायला सांगितलं होतं, म्हणून पिशवीत पाण्याची बाटली ठेवली होती. लोणारच्या गाडीत शेजारी टोपली घेतलेली एक बाई बसली.

"कोनाच्या घरी चालले, भाऊ?"

"कोणाच्याच नाही. तळं पाहायला."

"हाव, तळं हाय तेथं. पन कोनाच्या घरी?"

कंडक्टर मागे वळून म्हणाला, "अवो मावशी, पोरगी पाह्यले चालला असीन. लाजून राह्यला."

"एकटाच? मामा-गिमा कोनी नाही संगं?" बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "अशानं कोन देईन पोरगी?"

गाडीतले लोक हसले. मीही हसलो. त्या गाडीत लग्नाला, बाजाराला, कोर्टाच्या तारखेला, बाळंतिणीला भेटायला निघालेली माणसं होती. उगीच निघालेला मी एकटाच होतो.

लोणारला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. तळ्यात उतरायची वाट सापडेना. गावाच्या टोकाला एक घर होतं, तिथे दारात उभा राहिलो. घामाने टोपी भिजली होती, ती काढून हातात धरली. आतून एक बाई आल्या. नाव गयाबाई, हे नंतर कळलं. त्यांनी बसायला पोतं टाकलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पाणी नको," मी म्हणालो. "बसत नाही. एक विचारायचं होतं."

त्यांच्या हातातला तांब्या तिरपा झाला आणि पाणी सांडू लागलं.

मयतीचा निरोप आणणारा माणूस त्या घरचं पाणी घेत नाही, बसत नाही, डोक्यावर टोपी ठेवत नाही. आमच्याकडेही हेच आहे. मला माहीत होतं. पण मी तळं पाहायला आलो होतो, त्यामुळे ते माझ्या ध्यानात आलं नाही.

"रुख्मा?" गयाबाईंनी विचारलं.

रुख्मा त्यांची एकुलती मुलगी. मंठ्याच्या बाजूला दिली होती, पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले. आजारी सासूचं करायला कोणी नाही म्हणून तिला माहेरी पाठवलं नव्हतं. हे सगळं मला त्यांच्या रडण्यातून कळलं. शेजारच्या बाया धावत आल्या. मी पुन्हा पुन्हा सांगत होतो की कोणी गेलेलं नाही, मी मलकापूरचा आहे, तळं पाहायला आलो आहे.

"मलकापूरहून तळं पाह्यले?" एक म्हातारा म्हणाला. "त्याच्यात काय हाय पाह्यसारखं? खारं पानी. ढोरं बी तोंड लावत नाही. खरं सांग बे."

मी तांब्यात उरलेलं पाणी सगळ्यांसमोर प्यालो.

"समजूत काढून राह्यला," मागून कोणीतरी हळू म्हणालं.

गयाबाईंचे यजमान श्रीपतकाका शेतातून आले. त्यांनी मला खांद्याला धरून एकदाच विचारलं. मी आईची शपथ घेतली. पायातली माती न धुता मंठ्याकडे जाणारी गाडी गाठायला निघून गेले.

ते परत येईपर्यंत मला निघता येईना. कोणी अडवलं नव्हतं, पण जाणार कसा? त्या घरात चूल पेटली नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून दिली, दुखवट्याच्या घरी देतात तशी. मलाही वाढली. मी जेवलो. रात्रभर ओसरीवर खोकत पडलो होतो.

सकाळी झऱ्याच्या धारेजवळून खाली उतरलो. वाचकांपैकी कोणी जाणार असतील तर त्यांनी वहाणा बांधलेल्या घालाव्यात, वाट निसरडी आहे. चारही बाजूंनी उभा डोंगर, तळाशी हिरवं, हलत नसलेलं पाणी, सोड्यासारखा उग्र वास. मोर ओरडत होते. काठावर जुनी देवळं पडली आहेत. वरच्या रडण्याचा आवाज खाली येत नव्हता. इतकी शांत जागा मी पाहिली नव्हती. मी दगडावर बसून वाक्य जुळवू लागलो. 'हे पाहून माणसाला...' याच्या पुढे काही सुचलं नाही. वर एक आई मुलीला रडत होती, आणि मी खाली शोभा पाहत होतो.

दुपारच्या गाडीने श्रीपतकाका आले. बायका उठून उभ्या राहिल्या.

"हाय," ते म्हणाले. "जित्ती हाय."

मग ते ओसरीवर बसले.

"दारात मले पाह्यलं अन् खालीच बसली. म्हने, आई गेली ना? मी म्हनलं, नाही वो, उगीच आलो, तुले पाह्यले. मानेच ना. म्हने, बाबा, तुमी उगीच कवा आले?" त्यांनी डोळे पुसले. "लेकीले लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पानी आपन घेत नाही. काल घेतलं. तवा पटलं तिले."

"पोट?" गयाबाईंनी विचारलं.

"रातभर दुखून राह्यलं. निघालो तवा थांबलं होतं."

मी हात जोडले. गयाबाई माझ्यावर चिडल्या नाहीत. "बाबू," त्या म्हणाल्या, "मानसानं कामानं यावं."

परतीचा रस्ता तोच आहे, त्याबद्दल वेगळं लिहीत नाही.

बन्सीशेठना मी सांगितलं की वाक्य मिळालं नाही. त्यांनी मान हलवली. "मले वाटलंच होतं," ते म्हणाले, आणि मोटारीचा विषय त्यांनी काढला नाही.

रुख्माचं पुढे काय झालं, सुखरूप सुटका झाली की नाही, हे मला माहीत नाही. मलकापूरला कळवायला कोणी येणार नाही. विचारायला मी जाऊ शकत नाही. मी पुन्हा त्या दारात दिसलो तर गयाबाई काय समजतील, ते मला ठाऊक आहे. लोक लांबलांबच्या जागा का पाहत असतील, याचा मी रोज विचार करतो. आपल्या येण्याने कोणाला काही वाटत नाही अशाच ठिकाणी ते जात असावेत. तशी जागा मला या जिल्ह्यात माहीत नाही.

जिनिंगमध्ये परत गेलो तेव्हा मुकादमाने खाडे का केले म्हणून विचारलं. तळं पाहायला गेलो होतो असं सांगितलं असतं तर त्याने कामावरून काढलं असतं.

"मयतीला गेलो होतो," मी म्हणालो.

"कोन गेलं?"

"लोणारची एक बहीण. बाळंतपणात."

तो चुकचुकला, आणि मला रेच्यावर उभं करून पुढे गेला. संध्याकाळपर्यंत मी देवाला सांगत होतो की माझं ते बोलणं धरू नकोस.