सुभेदारांचा मसाला

आष्ट्याला बदली झाली आणि आम्ही सुभेदारांच्या घरात भाड्याने राहायला आलो. सामान उतरतंय तोवर ते दारात उभे. ‘‘मास्तर, मसाला हाय का?’’ वाईत वाढलेल्या माझ्या बायकोने वाटीभर कांदा-लसूण मसाला पुढे केला. त्यांनी चिमूटभर चाखला. ‘‘झ्याक हाय,’’ म्हणाले, ‘‘पर ह्याच्यावर माईक चालायचा न्हाई.’’ बॅटरीच्या सेलला तिकडे मसाला म्हणतात, हे आम्हाला तेव्हा कळलं.

गणपत सुभेदार पलटणीत वायरलेसवर होते. एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शनीत आले, पण त्यांच्या पायांना काही पेन्शन मिळाली नव्हती. जेवतानासुद्धा मध्येच उठून अंगणात फेरी मारून यायचे. त्यांच्या बायको, यसूकाकी, मागून म्हणायच्या, ‘‘आवं, बसा की जरा.’’ त्यांच्या येरझारांनी मलाही घरात चैन पडत नसे.

त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर होता आणि पलटणीतल्या दोस्ताने दिलेला कंडेन्सर माईक. टेप घरच्या विजेवर चाले, माईकला मात्र पोटात स्वतःचा मसाला लागे. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘‘चुलीत लाकूड सारलं म्हणून दिव्यात त्याल पडतंय व्हय?’’ काम झालं की मसाला काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे, कारण आत राहिला तर त्याला पाणी सुटतं. सांगलीत एकदा त्यांनी बिनमसाल्याचा माईक पाहिला. त्याला मशीनच वायरीतून वीज पुरवत होतं. ‘‘त्याच वायरीतनं वीज जाती अन् आवाज येतो. बाई रिकामी घागर घिऊन जाती, भरून येती, वाट तीच.’’ पुढे कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता.

मग काकींच्या गळ्यात गाठ निघाली. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, आवाज जाईल. मिरजेला निघायच्या दिवशी सकाळी सुभेदारांनी माईक काकींपुढे धरला. ‘‘बोल काय बी. आवाज तरी घरात ऱ्हाऊ दे.’’ काकी आधी लाजल्या, मग बोलत गेल्या. माहेरची विहीर, पहिली म्हैस, नवरा पलटणीत असताना एकटीने केलेली सुगी. घसा दुखला की थांबायच्या, पाणी पिऊन पुन्हा सुरू करायच्या. सुभेदारांच्या फेऱ्या चालूच.

टेप मागे घेऊन लावली. नुसती खरखर. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. गावाला मसाला विचारणारा माणूस आपल्याच माईकमध्ये तो घालायला विसरला होता. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

बाहेर जीपवाला हाका मारत होता. त्यांनी मसाला घातला, बटण दाबलं, माईक काकींच्या हातात दिला आणि पुन्हा येरझारा सुरू केल्या. ‘‘बोल आता. पयल्यापास्नं सांग.’’ काकींचा घसा पार बसला होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘आवं, बसा की जरा.’’

ऑपरेशननंतर काकी पुष्कळ वर्षं जगल्या, खाणाखुणांनी बोलत. सुभेदारांची दिवसभराची वणवण काही सुटली नाही. फक्त जेवायच्या वेळी ते माजघरात टेप लावायचे. काकी ताट वाढून तोंडाला पदर लावायच्या. टेपातून आवाज यायचा आणि सुभेदार मुकाट्याने पाटावर बसायचे. जेवण होईपर्यंत उठायचे नाहीत.